मानाने धाकटी

२००३ च्या मे महिन्यात आमच्या धाकट्या दिरांचं लग्न झालं. इस्लामपूरच्या घराचं माप ओलांडून नवी नवरी आत आली आणि एकेकाच्या पाया पडत माझ्यापर्यंत पोहोचली. ती पंचवीस वर्षांची, एम. एस्सी. झालेली. मी तेवीस वर्षांची, आणि माझं बी. एस्सी. दुसऱ्याच वर्षी लग्नामुळे सुटलेलं. ती वाकणार तोच मी दोन पावलं मागे सरले. सासूबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, “पडू दे तिला पाया. वयाने ती मोठी असेल, मानाने तू थोरली आहेस.” ती वाकली. तेव्हापासून ती मला जाऊबाई म्हणते, अहो-जाहो करते, आणि मी तिला नावाने हाक मारते.

हा प्रसंग पुन्हा वर आला तो २०२३ च्या फेब्रुवारीत. इलिनॉयमधल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये मी केशरी लोकरीचं टोक हातात धरून उभी होते. माझ्याबरोबर आणखी सहा जणी होत्या, प्रत्येकीच्या हाती वेगळ्या रंगाची लोकर. ती लोकर खुर्च्यांच्या पायांतून, टेबलांखालून, पडद्याच्या दांडीवरून फिरवलेली, एकमेकींत पार गुंतलेली. आपापला धागा सोडवत, गुंडाळत जायचं, आणि दुसऱ्या टोकाशी जी भेटेल ती आपली ‘बिग’, थोरली बहीण. आपण तिची ‘लिटल’. बाकीच्या सहा जणी अठरा-एकोणीसच्या होत्या. मी बेचाळीसची.

एका सोरोरिटीत मला घेतलं होतं.

आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती वाईच्या घरात मटार सोलत बसली होती. “काय असतं ते?” तिने विचारलं. मी सांगायला लागले: कॉलेजातल्या मुलींचा गट असतो, ग्रीक अक्षरांचं नाव असतं, वर्गणी असते, दर रविवारी बैठक असते, चांगल्या कामाला पैसे गोळा करतात, एकमेकींना बहीण मानतात. “म्हणजे भगिनी मंडळ,” आई म्हणाली आणि पुढचा मटार हातात घेतला. इतका नेमका शब्द मला सुचला नव्हता. लॅटिनमध्ये सोरोर म्हणजे बहीण. १८८२ साली सिरॅक्यूज विद्यापीठातले लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी गॅमा फाय बीटा या संघटनेच्या मुलींसाठी ‘सोरोरिटी’ हा शब्द सुचवला. त्याआधी मुलींच्या संघटनाही स्वतःला फ्रॅटर्निटी, म्हणजे बंधुमंडळच म्हणवून घेत. बहिणींच्या अशा गटासाठी वापरातला शब्दच नव्हता, तो शोधावा लागला.

या मंडळांची सुरुवात कशी झाली ते वाचलं तेव्हा माझ्या मनातला बराच किंतु गेला. १८५१ साली जॉर्जियातल्या मेकनच्या मुलींच्या कॉलेजात पहिली गुप्त संघटना निघाली. पण मला जास्त जवळची वाटते ती ग्रीनकासलची गोष्ट. इंडियानातल्या या गावातल्या कॉलेजने १८६७ मध्ये मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. तिथल्या मूठभर मुलींत बेटी लॉक ही एक होती. तिचे वडील तिथेच गणित शिकवायचे. मुलांच्या एका फ्रॅटर्निटीने तिला आपली पिन, म्हणजे संघटनेचा बिल्ला, लावायला देऊ केली. पिन लावायची, पण सभासद मात्र व्हायचं नाही. तिने पिन नाकारली. २७ जानेवारी १८७० रोजी तीन मैत्रिणींना घेऊन तिने स्वतःची संघटना काढली, काप्पा आल्फा थीटा. त्याच वर्षी ऑक्टोबरात आमच्याच राज्यातल्या मॉनमथ गावी काप्पा काप्पा गॅमा निघाली. तिथेच तीन वर्षं आधी बारा जणींनी आणखी एक संघटना काढली होती, तिलाच पुढे पाय बीटा फाय हे नाव मिळालं. मुलांनी भरलेल्या वर्गात या चार, सहा, बारा मुली. त्यांना एकमेकींशिवाय कोण होतं?

आणि ज्या बायकांनी असं आपलं दार स्वतः उघडून घेतलं, त्यांच्याच पुढच्या पिढ्यांनी ते दुसऱ्यांच्या तोंडावर लावलं, हेही इथे लिहायलाच हवं. काळ्या मुलींना, ज्यू मुलींना आत जागा नव्हती. म्हणून १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात आल्फा काप्पा आल्फा निघाली, काळ्या विद्यार्थिनींची पहिली. १९१३ मध्ये तिथेच बावीस जणींनी डेल्टा सिग्मा थीटा काढली आणि दोन महिन्यांच्या आत, ३ मार्चला, त्या बायकांच्या मताधिकाराच्या मोर्चात वॉशिंग्टनच्या रस्त्यावरून चालल्या. १९९८ मध्ये न्यूयॉर्कला आणि टेक्सासमध्ये आपल्याकडच्या मुलींनी दक्षिण आशियाई सोरोरिटी काढल्या. आणि हे सगळं जुनं झालं म्हणावं तर २०१३ साली अलाबामा विद्यापीठात विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्राने छापलं की काळ्या मुलीला केवळ वर्णामुळे डावललं गेलं. मी हे सगळं वाचून, समजून आत गेले. माझं म्हणणं एवढंच की नाकारलं जाणं माहीत असलेल्या बाईने आत बसून दाराकडे लक्ष ठेवावं. बाहेर उभं राहून ते होत नाही.

माझं स्वतःचं थोडक्यात सांगते. आम्ही २००९ मध्ये अमेरिकेत आलो. माझा व्हिसा एच-फोर, नोकरदाराच्या जोडीदाराला मिळतो तो, म्हणजे शिकता यायचं पण कमावता यायचं नाही. शिकायला पैसे लागतात आणि ते नवऱ्याच्या एका पगारात नव्हते. २०१५ मध्ये नियम बदलला, माझ्यासारख्या काहींना कामाचा परवाना मिळू लागला, आणि मी एका प्राथमिक शाळेच्या कॅफेटेरियात मुलांना जेवण वाढायला लागले. तिथेच पोटात कुतूहल शिरलं. कोणत्या मुलाला काय वाढायचं, कुणाला दूध चालत नाही, एखादा पोर फक्त पावच का खातो. पाच वर्षं संध्याकाळच्या वर्गांना जाऊन कम्युनिटी कॉलेजचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला आणि २०२२ च्या ऑगस्टात मोठ्या कॉलेजात आहारशास्त्राला प्रवेश घेतला. इथे पंचविशी ओलांडलेल्या विद्यार्थ्याला ‘नॉन-ट्रॅडिशनल’ म्हणतात. पदरात मूल असलं, शाळा आणि कॉलेजात खंड पडला असला, पूर्ण वेळ नोकरी असली, तरी तोच शब्द. माझ्या बाबतीत सगळंच लागू होतं.

त्या ऑगस्टात पहिल्याच आठवड्यात कॅम्पसवर टेबलं मांडली होती आणि एका पाटीवर लिहिलं होतं, ‘नावनोंदणी सुरू’. मी नियम वाचले. पदवीची विद्यार्थिनी हवी, अभ्यासाची किमान श्रेणी हवी, आधी दुसऱ्या सोरोरिटीची दीक्षा घेतलेली नसावी. वयाची अट कुठेच नव्हती. मी नाव घातलं.

का घातलं, हे मला नवऱ्याने विचारलं, सोळा वर्षांच्या लेकीने विचारलं, पुण्याच्या मैत्रिणीने विचारलं. तेव्हा नीट सांगता आलं नाही. आता सांगते. माझ्या आयुष्यात बायकांचे घोळके पुष्कळ आले. हळदीकुंकू, डोहाळजेवणं, भिशी, इथल्या महाराष्ट्र मंडळाची दिवाळी. पण प्रत्येक ठिकाणी मी कुणाची तरी कुणीतरी म्हणून गेले. अमक्यांची सून, तमक्यांची बायको, हिची आई. आमंत्रणाच्या चिठ्ठीवरही सौ. आणि पुढे नवऱ्याचं नाव. बायकांनी मला माझ्यासाठी, माझ्या नावाने बोलवावं, असं मला एकदा तरी हवं होतं. वीस वर्षांपूर्वी ज्या वयात ते व्हायचं त्या वयात मी इस्लामपूरला पंधरा माणसांच्या चपात्या लाटत होते. चपात्यांचं दुःख नाही. ती माणसं माझी होती. पण राहिलेलं ते राहिलंच होतं.

निवडीचे ते दोन दिवस मला आठवतात ते पायांच्या दुखण्यामुळे. एकेका गटाच्या खोलीशी रांगेत उभं राहायचं. दार उघडलं की आत पंधरा-वीस मुली दारात दाटून टाळ्या वाजवत गाणं म्हणतात. मग एक जण हाताला धरून आत नेते, पाच-सात मिनिटं बोलते, तेवढ्यात दुसरी येऊन तिची जागा घेते, मग तिसरी. कोणत्या गावची, काय शिकतेस, सुट्टीत काय केलंस. एका खोलीत एका मुलीने अगदी आदराने मला सांगितलं की पालकांची बसायची व्यवस्था खालच्या मजल्यावर आहे. तिची काही चूक नव्हती. मी माझ्या नावाचा बिल्ला दाखवला, ती ओशाळली, आणि मग आम्ही दोघींनीही ती पाच मिनिटं कशीबशी पार पाडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या तुकडीच्या मार्गदर्शक मुलीचा फोन आला. या मार्गदर्शक मुली तेवढ्या दिवसांपुरत्या आपल्या गटापासून अलग होतात, आपण कुठल्या हे कुणालाही सांगत नाहीत, म्हणजे कल नको. ती हळू आवाजात म्हणाली की एकाही गटाने मला पुढच्या फेरीला बोलावलेलं नाही. मी गाडीत होते, किराणा दुकानाबाहेर. मी तिला धन्यवाद दिले, फोन ठेवला, आत जाऊन दूध आणि ब्रेड घेतला. घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि तिथेच उभ्याने रडले. लेक खोलीतून आली. तिने काही विचारलं नाही, दूध फ्रीजमध्ये ठेवलं.

ही गोष्ट इथेच संपायची. पण स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात माझ्या शेजारी एक मुलगी बसायची, गेल्सबर्गजवळच्या एका शेतावरची. तिच्या घरी मका, सोयाबीन आणि डुकरं. तिला विशेष मुलांची शिक्षिका व्हायचं होतं. आम्ही दोघी मिळून गणितं सोडवायचो. मी तिला वजनकाट्याच्या चुकांची उदाहरणं शाळेच्या स्वयंपाकघरातून द्यायचे आणि ती मला पिलांच्या वजनातून. ऑक्टोबरात पेरूच्या फोडी डब्यात नेल्या होत्या, तिला तिखट-मीठ लावून दिल्या. तिने पहिल्यांदाच पेरू खाल्ला आणि बियांचं काय करायचं विचारलं. जानेवारीत नवी सहामाही सुरू झाली तेव्हा ती म्हणाली, “आमच्या गटात जागा आहेत. ठरलेल्या संख्येपेक्षा आम्ही कमी आहोत, म्हणून वर्षभर कधीही घेता येतं. एकदा येशील का? फक्त भेटायला.”

मी म्हटलं, मी ऑगस्टात तुमच्याच दारात आले होते.

तिला ते माहीत नव्हतं. त्या दिवशी ती दुसऱ्या खोलीत होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मग मी तुला पुन्हा बोलावते आहे.”

मी गेले. पाच-सात मिनिटांच्या फेऱ्या नव्हत्या, टाळ्या नव्हत्या. आठ-दहा जणी गालिच्यावर बसून अनाथालयातल्या मुलांसाठी चादरींना गाठी मारत होत्या. मलाही एक कड दिली. गाठी मारता मारता दोन तास गेले. त्या सगळ्या मला माझ्या नावाने हाक मारत होत्या, आणि ते नाव नीट यावं म्हणून एक जण ते मनातल्या मनात घोकत होती, हे तिच्या ओठांवरून कळत होतं. आठवड्याने माझ्या नावाचा लिफाफा आला. आत आमंत्रण होतं.

तर मी लोकर हातात धरून उभी होते.

केशरी धागा आधी पियानोच्या पायाला दोन वेढे घालून गेला होता. तिथे तो एका निळ्या धाग्यात अडकला होता. निळा ज्या पोरीचा होता ती आणि मी, दोघी गुडघ्यांवर बसलो आणि गाठ सोडवली. मग टेबलाखालून. मग खिडकीपाशी. तोवर माझ्या हातात मुठीएवढा गुंडा झाला होता. शेवटी धागा एका दाराखालून पलीकडे गेला. मी दार उघडलं. पलीकडे ती उभी होती, शेतावरची, वीस वर्षांची, हातात लोकरीचं दुसरं टोक आणि डोळ्यांत पाणी. “मला भीती वाटत होती,” ती म्हणाली, “की तुला हे चालणार नाही. मी तुझी बिग.”

तिला वाटत होतं की आपल्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठ्या बाईला आपली धाकटी म्हणणं म्हणजे तिचा अपमान. इंग्रजीत तिला कसं सांगणार होते मी? माझ्या भाषेत थोरलं-धाकटं आणि मोठं-लहान हे दोन वेगळे हिशेब आहेत. मोठं-लहान जन्मतारखेवर ठरतं. थोरलं-धाकटं ठरतं त्या घरात आधी कोण आलं यावर. ती या घरात माझ्याआधी दीड वर्ष आली होती. बाकीच्या सहा जणींना हे बिग-लिटल प्रकरण नवं होतं, मला मात्र ते तेविसाव्या वर्षापासून ठाऊक होतं. फक्त तेव्हा मी उभी होते आणि दुसरी वाकली होती.

मी तिला एवढंच म्हटलं, “मला चालेल. मला हे येतं.”

त्या रात्री, म्हणजे तिकडच्या सकाळी, मी इस्लामपूरला जाऊबाईंना फोन केला. जाऊबाई असं मी तिला पहिल्यांदाच म्हटलं आणि ती गप्प झाली. मी विचारलं, “माझ्या पाया पडलीस तेव्हा काय वाटलं होतं गं तुला?” वीस वर्षांत हे विचारायचं राहूनच गेलं होतं. ती म्हणाली, “खरं सांगू? मला तुमचे पाय तेवढे दिसले. टाचेला भेग होती आणि एक जोडवं सैल झालेलं. मनात आलं, हिलाही इथे येऊन फार दिवस झालेले नाहीत. मग मला धीर आला.”

मी कितीतरी वेळ फोन धरून बसले.

दीक्षेच्या दिवशी पांढरे कपडे घालायचे असतात. २०२३ चा पाडवा २२ मार्चला होता आणि दीक्षा त्याच आठवड्यातल्या शनिवारी. पांढऱ्याचं आईला कळलं आणि तिचा जीव खालीवर झाला. सवाशिणीने पाडव्याच्या आठवड्यात पांढरंफेक नेसायचं, हे तिला सोसेना. मी आमच्या सल्लागार बाईंना विचारलं की मंगळसूत्र आणि हिरव्या बांगड्या ठेवल्या तर चालेल का. त्या साठीच्या असतील, त्याच गटातल्या जुन्या सभासद. म्हणाल्या, “तू जशी आहेस तशीच ये.” पांढरी सलवार-कमीज, डझनभर हिरवा चुडा. खोलीत काय झालं ते लिहिणार नाही, तसा शब्द दिलाय. मेणबत्त्या होत्या आणि अगदी शांत होतं, इतकं की हात हलवला की माझ्या बांगड्या वाजायच्या. तो आवाज त्या विधीचाच भाग होता असं नंतर एका मुलीने मला सांगितलं. तिला खरंच तसं वाटलं होतं.

सभासद झाल्यावर सगळ्यात जास्त आवडल्या त्या रविवार संध्याकाळच्या बैठका. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायचं, ठराव मांडायचा, अनुमोदन द्यायचं, चर्चा, मग मतदान. वीस वर्षांची मुलगी अध्यक्ष म्हणून हातोडा आपटते आणि पन्नास जणी गप्प होतात. वाईला आमच्या लहानपणी भगिनी मंडळाच्या सभा आमच्या माजघरात व्हायच्या, आई अनुमोदक म्हणून सही करायची. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. पण ‘अनुमोदन’ हा शब्द ती फार सावकाश, नीट उच्चारायची. मी पहिल्यांदा हात वर करून एका ठरावाला अनुमोदन दिलं तेव्हा तिचाच आवाज माझ्या घशातून आला. ठराव चादरींच्या खर्चाचा होता, ऐंशी डॉलरचा.

आणि एक गोष्ट मला शिकावी लागली, ती सोपी नव्हती.

पहिले दोन महिने मी प्रत्येक रविवारी काहीतरी करून न्यायचे. पोहे, शिरा, कोथिंबीर वडी, एकदा पुरणपोळ्या. मुली तुटून पडायच्या. मला बरं वाटायचं. रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नाही, हे माझ्या हाडात आहे. एका रविवारी मी डबा घेऊन गाडीतून उतरले तर माझी बिग फाटकाशीच उभी होती. म्हणाली, “तुझा मंगळवारी स्टॅटिस्टिक्सच्या पुढच्या कोर्सचा पेपर आहे ना? आणि तू आज चार तास उभी राहून हे केलंस.” मी म्हटलं, त्यात काय, सवय आहे. तिने डबा माझ्या हातातून घेतला. “हे आम्ही खाणार आहोत, कारण केलंयस. पण पुढच्या रविवारी तू रिकाम्या हाताने ये. येशील?”

मला राग आला. खरंच आला. वाटलं, माझं एवढंच तर आहे द्यायला, तेही नको? घरी जाऊन लेकीला सांगितलं. ती म्हणाली, “आई, त्यांना त्यांच्या घरी आया आहेत.” लेकीने ते मुळीच लागेल असं म्हटलं नव्हतं, तिला फक्त दिसत होतं आणि तिने ते सांगितलं. मग माझ्या लक्षात आलं. डबा घेऊन गेले की मी काकू व्हायचे. वाढायला उभी राहायचे, शेवटी उरलेलं खायचे, आणि मुली ज्या गालिच्यावर बसून बोलायच्या त्याच्या कडेला मी ताटं गोळा करत फिरायचे. बसायला मिळावं म्हणून तिथे गेले होते, आणि बसतच नव्हते.

पुढच्या रविवारी मी रिकाम्या हाताने गेले. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. ओढणीचं टोक धरून बसले. पंधरा मिनिटांनी कुणीतरी मला चिप्सचा वाडगा पुढे केला आणि मी घेतले.

त्या मंगळवारच्या पेपरात मला शंभरात एक्कावन्न मिळाले. पुढच्या पेपराआधी माझ्या बिगने तीन रात्री माझ्याबरोबर बसून काढल्या, तिची स्वतःची परीक्षा असताना. मुलींच्या घराच्या तळघरात, जुन्या सोफ्यावर, रात्री दोनपर्यंत. आजूबाजूला आणखी पाच-सहा जणी, कुणी अभ्यास करतंय, कुणी झोपलंय, एक जण दुसरीच्या केसांची वेणी घालतेय. दीड वाजता कुणालातरी पेंग अनावर झाली म्हणून सगळ्या उठल्या आणि जागेवर उड्या मारायला लागल्या. मी शेवटची अशी जागले होते ते माझ्या पहिल्या मंगळागौरीला, २००० च्या श्रावणात. रात्रभर फुगड्या, झिम्मा, पिंगा, गाठोडं. वाईच्या मैत्रिणी आल्या होत्या, सगळ्या नव्या नवऱ्या, सगळ्या वीस-एकवीसच्या. पहाटे थकून माजघरात एकमेकींच्या अंगावर पाय टाकून झोपलो. पाच वर्षं मंगळागौर पुजली, पण ती पहिली रात्र पुन्हा आली नाही. एकीचं बाळंतपण, एकीची बदली, एकीच्या घरून सोडेनात. तळघरात मला कुणी फुगडी मागितली नाही, मीच माझ्या बिगचे हात धरले आणि कशी फिरायची ते दाखवलं. अंग मागे टाक, पाय जुळव, माझ्या हातांवर विश्वास ठेव. ती घाबरली, मग फिरली. दोन फेऱ्यांतच माझ्या गुडघ्याने हाक दिली आणि आम्ही थांबलो. पण फिरलो.

कधीकधी वाटतं, इंग्रजीत नात्यांचे शब्द कमी आहेत तेही एका अर्थी बरं. आनंदीबाई जोशी १८८३ साली या देशात एकट्या आल्या, अठरा वर्षांच्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरात ठेवून घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी मानायच्या. परक्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं आपल्याला जमत नाही, नातं लावल्याशिवाय माया करता येत नाही. ते मला पुरतं कळतं. पण आमच्या गटातल्या मुलींपैकी एकजण जरी मराठी असती तर पहिल्याच दिवशी तिने मला काकू म्हटलं असतं, प्रेमानेच, आणि मी काकू झाले असते. ‘बहीण’ म्हणायला तिची जीभ वळली नसती. ‘सिस्टर’ या शब्दात ताई नाही आणि धाकटी नाही, म्हणून त्यात मी मावले.

२०२५ च्या मे महिन्यात माझी बिग पदवीधर झाली. माझी तेव्हा अजून एक सहामाही बाकी होती. समारंभाला तिचं सगळं घर शेतावरून आलं होतं, दोन गाड्या भरून. वडिलांच्या मानेवर उन्हाची लाल रेघ, भाऊ नव्या बुटांत अवघडलेले. तिची आजी चाकांच्या खुर्चीत, मांडीवर पिवळ्या फुलांचा मोठा गुच्छ. मी साडी नेसले होते, माहेरची, आंब्याच्या रंगाची. बिगने मला हाताला धरून आजीपुढे नेलं.

“आजी, ही माझी लिटल.”

आजीने माझ्याकडे पाहिलं. मग नातीकडे. मग पुन्हा माझ्याकडे, कानांपाशी पांढऱ्या झालेल्या केसांपासून चपलांपर्यंत, सावकाश. मी सवयीने वाकले आणि त्यांच्या पायांना हात लावला. त्यांना ते काय आहे कळलं नसेल, पण त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आपोआप ठेवतात तसा. मग मांडीवरचा गुच्छ उचलून माझ्याकडे दिला.

“मग ही फुलं तू धर,” त्या म्हणाल्या. “तिला टोपी सांभाळायची आहे.”

मी फुलं धरली आणि त्यांच्या मागून गाडीपर्यंत चालत गेले.